रेग्युलेटर : ठरलेला की फिरवायचा?

लासलगावहून एका वाचक भगिनीचे पत्र आमच्याकडे आले आहे. या ताई लासलगाव, विंचूर, निफाड असे आठवडे बाजार करून भाजीपाला विकतात. त्यांच्याकडे बॅटरीवर चालणारा ३० किलोचा इलेक्ट्रॉनिक काटा आहे. काट्याबरोबर आलेला चार्जर बिघडला तेव्हा आय.टी.आय.मध्ये शिकणाऱ्या त्यांच्या धाकट्या भावाने घरीच दुसरा चार्जर तयार करून दिला. सुरुवातीला तो चांगला चालला. पुढे मात्र वर्षभरात दोन बॅटऱ्या फुगून निकामी झाल्या. दुकानदार म्हणतो, "फिक्स रेग्युलेटर टाका, अ‍ॅडजस्टेबलची भानगड नको." भाऊ म्हणतो, "फिक्सने ही बॅटरी चार्ज होणारच नाही." यावरून घरात बोलाचाली झाली आणि आता भावाने सोल्डरिंगची सळई उचलून माळ्यावर टाकली आहे. खरे कोणाचे, एवढेच ताईंनी विचारले आहे.

ताई, तुमच्या भावाचे म्हणणे बरोबर आहे आणि दुकानदाराची भीतीही खोटी नाही. दोन ओळींत हे उत्तर देऊन आम्ही मोकळे झालो असतो. परंतु शिकत्या मुलाने हात आखडता घ्यावा असे यात काही घडलेले नाही, आणि हा प्रश्न तुमच्या एकट्या घरचाही नाही. तेव्हा या आठवड्याचे सदर आम्ही त्यासाठीच ठेवले आहे.

प्रथम शब्दाचा घोळ मिटवू. आपल्या घरात रेग्युलेटर म्हटले की दोन वस्तू डोळ्यांपुढे येतात. एक पंख्याचा आणि दुसरा गॅसच्या टाकीवरचा. पंख्याचा रेग्युलेटर वीज फक्त कमीजास्त करतो. घरातली वीज उतरली की पंखाही मंदावतो, रेग्युलेटर त्याला धरून ठेवत नाही. गॅसचा रेग्युलेटर मात्र खऱ्या अर्थाने रेग्युलेटर आहे. टाकी भरलेली असो वा संपत आलेली, शेगडीकडे जाणारा दाब तो एकसारखा ठेवतो. त्याच्यावरची कळ केवळ चालू-बंद करण्यासाठी असते, दाब वाढविण्यासाठी नव्हे. हॉटेलच्या भट्टीला लावतात तो दाब कमीजास्त करता येणारा रेग्युलेटर वेगळा, आणि तो घरच्या शेगडीला लावू नये हे प्रत्येक गृहिणीला ठाऊक आहे. फिक्स आणि अ‍ॅडजस्टेबल यांतला फरक म्हणजे हाच. फ्रिज-टीव्हीचा स्टॅबिलायझर हाही त्याच कुळातला, पण तो २३० व्होल्टच्या विजेवर काम करतो. आपण बोलणार आहोत ते सर्किटच्या आतील छोट्या, तीन पायांच्या रेग्युलेटरविषयी.

या तीन पायांच्या मंडळींत सर्वांत प्रसिद्ध म्हणजे ७८०५. रेडिओ-टीव्ही दुरुस्त करणाऱ्याच्या कोणत्याही डब्यात तो सापडतोच. एका पायात ७ ते ३५ व्होल्टपर्यंत काहीही द्या, मधला पाय जमिनीला म्हणजे ग्राउंडला जोडा, तिसऱ्या पायातून ५ व्होल्ट घ्या. नेमके पाचच मिळतील असे नाही, ४.८ ते ५.२ च्या दरम्यान मिळतील, पण त्याबाहेर सहसा जाणार नाहीत. शेवटचे दोन आकडे म्हणजे व्होल्टेज. ७८०६ म्हणजे ६ व्होल्ट, ७८१२ म्हणजे १२ व्होल्ट. ८, १५, १८ आणि २४ व्होल्टचेही मिळतात. करंट साधारण १ अँपिअरपर्यंत. जास्त ओढला तर तो स्वतःच हात आवरतो, फार तापला तर काम थांबवतो आणि थंड झाला की पुन्हा सुरू होतो.

त्याच्या आत काय चालते? आत एक न बदलणारे छोटे व्होल्टेज तयार केलेले असते, त्याला आपण मापाचे वजन म्हणू. बाहेर पडणाऱ्या व्होल्टेजचा ठराविक हिस्सा दोन रेझिस्टन्सच्या जोडीने कापून घेतला जातो आणि त्या मापाशी ताडून पाहिला जातो. हिस्सा कमी भरला तर आतला ट्रान्झिस्टर अधिक उघडतो, जास्त भरला तर आवळला जातो. तराजूवर बसलेला मापाडी पारडे पाहून मूठभर घालतो नि मूठभर काढतो तसेच हे, फक्त सेकंदाला हजारो वेळा.

आता लासलगावच्या विजेकडे येऊ. शेतीची थ्री फेज सुटली, विहिरींवरच्या मोटारी एकदम सुरू झाल्या की घरातला पंखा कसा मंदावतो हे तिकडच्या वाचकांना सांगायला नको. समजा, आपण ९ व्होल्टचा ट्रान्सफॉर्मर, चार डायोड आणि २२०० मायक्रोफॅरडचा कंडेन्सर घेतला. घरात २३० व्होल्ट असताना कंडेन्सरवर सुमारे ११.३ व्होल्ट मिळतात. वीज १८० वर उतरली की तेच ८.५ होतात. रात्री उशिरा मोटारी बंद होऊन वीज २६० वर चढली तर १३. म्हणजे आत येणारे व्होल्टेज साडेआठ ते तेरा असे हेलकावे खात असते आणि ७८०५ मधून बाहेर मात्र पाचच पडतात.

पण त्याला एक अट आहे. आत येणारे व्होल्टेज बाहेरच्यापेक्षा निदान २ व्होल्टने जास्त असले पाहिजे, म्हणजे ७ च्या खाली जाता कामा नये. कंडेन्सरवरचे व्होल्टेज सपाट नसते, ते सेकंदाला १०० वेळा वरखाली होते. ०.३ अँपिअर घेतले तर ही घसरण सव्वा ते दीड व्होल्टची, म्हणजे १८० व्होल्टच्या विजेवरही साडेआठातून जाऊन सातच्या वर निभावते. ०.५ अँपिअर घेतले तर घसरण सव्वादोन व्होल्टच्या पुढे जाते आणि सव्वासहाच उरतात. मग रेग्युलेटरच्या हातातून काम निसटते. स्पीकरमधून संध्याकाळी जी घूं घूं ऐकू येते, ती बहुधा अशीच असते. मुले रेग्युलेटर बदलतात, घूं घूं तशीच राहते, कारण दोष रेग्युलेटरचा नसून त्याला पुरेसे न मिळण्याचा असतो. मोठा कंडेन्सर टाकावा किंवा १२ व्होल्टचा ट्रान्सफॉर्मर घ्यावा. १२ व्होल्टचा घेतला की उष्णता वाढते हेही लक्षात ठेवावे. जे व्होल्टेज वरचेवर उरते ते रेग्युलेटर जाळून टाकतो. १३ आत, ५ बाहेर आणि अर्धा अँपिअर करंट, म्हणजे आठ गुणिले अर्धा, ४ वॅटची उष्णता. बोटाला चटका बसण्यास ती भरपूर आहे. अ‍ॅल्युमिनियमचा हीटसिंक लावायचा तो यासाठी.

फिक्स रेग्युलेटरचा हा प्रकार १९७० च्या सुमाराचा. अमेरिकेतील नॅशनल सेमीकंडक्टर कंपनीत बॉब विडलर या अवलिया इंजिनियरने एल.एम. १०९ हा ५ व्होल्टचा तीन पायांचा रेग्युलेटर केला, आणि त्यापाठोपाठ फेअरचाइल्ड कंपनीची ७८ मालिका आली. १९७६ साली नॅशनलमध्येच बॉब डॉबकिन यांनी एल.एम. ३१७ केला. हा अ‍ॅडजस्टेबल. आज अर्धे शतक लोटले तरी हे दोन्ही मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवर आणि पुण्याच्या तपकीर गल्लीत मिळतात.

३१७ म्हणजे कोणी निराळा प्राणी नव्हे. ७८०५ मध्ये जी दोन रेझिस्टन्सची जोडी कंपनीने आत बसवून टाकलेली असते, तीच ३१७ मध्ये तुम्ही बाहेरून बसवायची असते. एवढाच भेद. ३१७ ला ग्राउंडचा पाय नाही, त्याऐवजी अ‍ॅडजस्टचा पाय आहे. त्याचे काम एकच : आउटपुटचा पाय आणि अ‍ॅडजस्टचा पाय यांच्यात कायम १.२५ व्होल्टचे अंतर राखणे. त्या दोन पायांमध्ये पहिला रेझिस्टन्स, आणि अ‍ॅडजस्टपासून ग्राउंडपर्यंत दुसरा. दुसऱ्याला पहिल्याने भागा, त्यात १ मिळवा, १.२५ ने गुणा. पहिला २४० ओहमचा आणि दुसरा ७२० ओहमचा असेल तर तीन अधिक एक चार, गुणिले सव्वा, बरोबर ५ व्होल्ट. अ‍ॅडजस्टच्या पायातून सुमारे ५० मायक्रोअँपिअर वाहतात, त्यामुळे काही शतांश व्होल्टची भर पडते. सव्वा व्होल्टपासून ३७ पर्यंत हवे ते मिळवता येते, करंट दीड अँपिअरपर्यंत.

काही हुशार मुले विचारतात की ७८०५ च्या ग्राउंडच्या पायाखाली रेझिस्टन्स किंवा एखादा डायोड घालून त्याचेच व्होल्टेज वाढवले तर? वाढते, आणि अडीअडचणीला चालतेही. परंतु ७८०५ च्या त्या पायातून सुमारे ५ मिलिअँपिअर वाहतात, ३१७ च्या शंभरपट, आणि तो करंट उष्णतेने, लोडने थोडाथोडा बदलतो. करंट बदलला की उंचावलेले व्होल्टेजही बदलते. ३१७ मध्ये त्या पायाचा करंट मुद्दाम इतका बारीक ठेवला आहे की त्याच्या बदलाने फारसे बिघडत नाही. जे काम जो करण्यासाठी केला आहे त्याच्याकडूनच ते घ्यावे हे बरे.

आता ताईंच्या काट्याकडे. काट्याच्या ताटाखाली धातूची एक पट्टी असते, तिला लोडसेल म्हणतात. वजन ठेवले की ती केसभर वाकते आणि तिच्यावर चिकटवलेल्या तारांचा रेझिस्टन्स बदलतो. तिला ५ व्होल्ट दिले तर काटा पूर्ण भरल्यावर ती परत देते १० मिलिव्होल्टच्या आसपास. ३० किलोला १० मिलिव्होल्ट, म्हणजे एका ग्रॅमला मिलिव्होल्टचा तीन हजारावा भाग. इतक्या बारीक मापावर तुमच्या मेथीच्या जुडीचा आणि शेरभर वांग्यांचा हिशेब चाललेला असतो. लोडसेलला दिलेले व्होल्टेज १ टक्क्याने हलले तर तिचे उत्तरही १ टक्क्याने हलते, १० किलोमागे १०० ग्रॅम. म्हणून चांगल्या काट्यात मोजणाऱ्या चिपलाही मापासाठी तेच व्होल्टेज देतात, म्हणजे दोन्हीकडे सारखेच हलले तर वजन हलत नाही. तरीही ते ५ व्होल्ट स्वच्छ, घूं घूं नसलेले लागतात, आणि ते देतो आतला फिक्स रेग्युलेटर.

हीच गोष्ट मोठ्या प्रमाणावर पाहायची तर लासलगावच्या बाजार समितीत जावे. १९४७ साली स्थापन झालेल्या या समितीच्या आवारात कांद्याच्या ट्रॉल्यांचा लिलाव होतो. भाव ठरला की ट्रॉली भुईकाट्यावर भरलेली तोलतात, व्यापाऱ्याच्या खळ्यावर माल उतरवून पुन्हा रिकामी तोलतात, आणि दोहोंतील फरकावर शेतकऱ्याची पट्टी तयार होते. त्या पोलादी फलाटाखालीही लोडसेलच असतात, फक्त हत्तीच्या पायाएवढ्या भक्कम. २० क्विंटल कांद्यात १ टक्का म्हणजे २० किलो. ज्याने पाच महिने रान राखले, लावणीला आणि काढणीला आलेल्या बायांची मजुरी चुकती केली, त्याच्या पट्टीतून २० किलो कमी होणे म्हणजे काय हे सांगण्याची गरज नाही. म्हणून काट्याच्या आत कोणी बोटाने फिरवू शकेल असे काहीही उघडे ठेवत नाहीत. वजन जुळवून घेण्याची सोय असते, पण तिच्यावर वैध मापनशास्त्र विभागाचे सील असते. दरवर्षी पडताळणी करून नवा शिक्का मारून घ्यावा लागतो, आणि वैध मापनशास्त्र कायदा, २००९ प्रमाणे काटा दुरुस्त करण्यासही परवाना लागतो. ताई, तुमच्या भावाला हे जरूर सांगा : बॅटरी आणि चार्जर हे त्याचे क्षेत्र, सीलच्या पलीकडचे नाही. सील तुटलेला काटा वजनाने अगदी खरा असला तरी बाजारात तो खोटाच धरला जातो, आणि दंड तुम्हाला भरावा लागतो.

या छोट्या काट्यांत बहुतेक करून ६ व्होल्ट, ४ अँपिअर-तासाची बंद शिशाची बॅटरी असते. येथे एक गंमत आहे. ७८०५ ला निदान ७ व्होल्ट लागतात हे आपण पाहिले, आणि बॅटरी तर ६ ची. म्हणजे साधा ७८०५ येथे कुचकामी. अशा ठिकाणी कमी अंतरावर चालणारे फिक्स रेग्युलेटर वापरतात. एल.एम. २९४० हा त्यांतलाच, त्याला अर्ध्या व्होल्टचे अंतर पुरते. जुन्या काट्यात कोणी गावठी दुरुस्तीवाल्याने त्याच्या जागी ७८०५ बसवला असेल तर बॅटरी भरलेली असतानाच काटा 'लो बॅटरी' दाखवू लागतो. नवी बॅटरी घेण्यापूर्वी परवानाधारक दुरुस्तीवाल्याला एवढे पाहायला सांगावे.

उरला चार्जर, म्हणजे मूळ भांडण. बंद शिशाच्या ६ व्होल्टच्या बॅटरीला सतत जोडून ठेवायचे तर ६.७५ ते ६.९ व्होल्ट लागतात. ७८०६ सहा देतो, त्याने ती भरत नाही. ७८०८ आठ देतो, त्याने ती उकळते, आतले पाणी वायू होऊन निघून जाते आणि अंग फुगते. ७८ च्या मालिकेत पावणेसात व्होल्टचा कोणीही नाही. तेव्हा भाऊ म्हणतो ते खरे, येथे अ‍ॅडजस्टेबलच हवा.

आणखी एक कारण आहे, आणि ते निफाड तालुक्याला विशेष लागू पडते. बॅटरीला किती व्होल्ट हवेत हे हवेवरही अवलंबून असते. २५ अंशाला ६.८५ हवे असतील तर दर अंशामागे सुमारे १ शतांश व्होल्ट कमीजास्त करावे लागते. वैशाखात ४० अंश उन्हात ६.७ पुरतात. आणि निफाडची थंडी तर महाराष्ट्रात प्रसिद्ध, पारा ५ अंशांच्या खाली उतरल्याच्या बातम्या आपण दर हिवाळ्यात वाचतो. तेव्हा ७ पर्यंत दिले तरी चालतात. ठरलेल्या आकड्याचा रेग्युलेटर याला काय करणार?

मग बॅटऱ्या फुगल्या कशाने? पत्रासोबत भावाने काढलेली आकृती आली आहे, सुबक आहे. त्याने २४० ओहमचा रेझिस्टन्स बरोबर लावला. पण दुसऱ्याच्या जागी ५ किलो-ओहमचा पॉट, ज्याला दुकानात नुसतेच व्हॉल्यूम म्हणतात, तो लावला आणि त्याचा दांडा डब्याबाहेर काढून वर गोल बटण बसवले. हिशेब करून पाहू. ५००० भागिले २४० म्हणजे सुमारे २१, अधिक १, गुणिले सव्वा, २७ व्होल्ट. अर्थात आत तेवढे येतच नाहीत म्हणून २७ मिळणार नाहीत, पण बटणाचा आवाका तेवढा. पॉट फिरतो साधारण २७० अंश. म्हणजे प्रत्येक अंशाला १ दशांश व्होल्ट. घड्याळाचा मिनिटकाटा एका मिनिटात ६ अंश फिरतो. तेवढेच बटण हलले की ६.९ चे साडेसात झाले. बाजाराला जाताना टेम्पोत धक्का बसला, लेकराने सहज फिरवले, पोते घासले, काहीही पुरते. शिवाय बाजारातली धूळ पॉटमध्ये शिरते. सरकणारा संपर्क क्षणभर जरी उचलला गेला आणि दुसरा रेझिस्टन्स तुटल्यासारखा झाला, तर ३१७ आत येणारे जवळजवळ सर्व व्होल्टेज बाहेर सोडतो. फिक्स रेग्युलेटरला हा धोका नाही, कारण त्याची जोडी काळ्या अंगाच्या आत बंद आहे. दुकानदाराची भीती आहे ती याची, आणि ती रास्त आहे.

उपाय पॉट काढून टाकण्याचा आहे, ३१७ काढण्याचा नव्हे. भावाने पहिला रेझिस्टन्स २४० ओहमचाच ठेवावा. दुसऱ्याच्या जागी १ किलो-ओहमचा साधा रेझिस्टन्स आणि त्याच्याशी एका ओळीत १०० ओहमचा छोटा प्रीसेट लावावा. प्रीसेट एका टोकाला ठेवला तर ६.५ व्होल्ट, दुसऱ्या टोकाला ठेवला तर ७.० च्या किंचित वर. म्हणजे कोणी कितीही फिरवले तरी बॅटरीचे फारसे बिघडत नाही. प्रीसेटचा मधला पाय त्याच्या एका कडेच्या पायाला जोडून टाकावा, म्हणजे संपर्क उचलला गेला तरी पूर्ण १०० ओहम मध्ये राहतात आणि व्होल्टेज त्या सातच्या पुढे जात नाही. प्रत्येक चिपचे सव्वा व्होल्ट अगदी सव्वाच असतात असेही नाही, १.२० ते १.३० यांत कोठेही असू शकतात. म्हणून आकडेमोडीवर न विसंबता मीटर लावून ६.८५ जुळवावे आणि प्रीसेटवर नेलपॉलिशचा थेंब टाकावा. तेच आपले घरगुती सील. मोजताना बॅटरी काढून ठेवावी, आणि आउटपुटला ४७० ओहमचा एखादा रेझिस्टन्स तात्पुरता लावावा. ३१७ ला थोडातरी करंट वाहता लागतो, मोकळा ठेवला तर तो कधी कधी जास्त व्होल्टेज दाखवतो आणि आपण नाहक प्रीसेट उतरवत बसतो.

करंटलाही लगाम हवा. पूर्ण उतरलेली बॅटरी जोडली तर ती अधाशासारखी ओढते आणि ३१७ दीड अँपिअरपर्यंत देत राहतो. ४ अँपिअर-तासाच्या बॅटरीला ०.४ अँपिअर पुष्कळ. आउटपुट आणि बॅटरी यांच्यामध्ये ३.३ ओहमचा, २ वॅटचा रेझिस्टन्स घालावा. बॅटरी साडेपाचवर उतरलेली असेल तर मध्ये १.३ व्होल्टचे अंतर पडते, त्याला ३.३ ने भागले की ०.४ अँपिअर. बॅटरी भरत जाते तसा करंट आपोआप आटतो. वीज गेल्यावर बॅटरीतून उलटा प्रवाह चिपमध्ये शिरू नये म्हणून १एन ४००७ डायोड आउटपुटकडून इनपुटकडे लावावा, पट्टीची बाजू इनपुटला. संध्याकाळी वीज उतरली तर हा चार्जर सावकाश भरील, रात्रभर लावून ठेवावा. उशीर होईल, नुकसान होणार नाही.

अ‍ॅडजस्टेबलचा असाच घोळ पूर्वी टेपरेकॉर्डरच्या दिवसांत घरोघरी होई. बॅटरी एलिमिनेटर नावाचा डबा मिळे, त्यावर ३, ४.५, ६, ७.५, ९, १२ अशी सरकती कळ असे. भीमगीतांची कॅसेट लावायची म्हणून कोणी पाहुणा घाईत कळ बारावर सरकवी आणि सहा व्होल्टचा टेप कायमचा मुका होई. त्यातल्या स्वस्त डब्यांत रेग्युलेटरही नसे. सहा लिहिलेल्या जागी मोकळे मोजले तर नऊ भरत. हल्ली त्याच जागी निळ्या प्रीसेटचे एल.एम. २५९६ चे तयार बोर्ड आले आहेत. ते जास्तीचे व्होल्टेज जाळत नाहीत, वेगाने उघडझाप करून हवे तेवढेच घेतात, म्हणून कमी तापतात. चांगली वस्तू आहे. पण तो प्रीसेट कारखान्यातून येताना कोठेही थांबलेला असतो. पाकीट फोडून सरळ सर्किटला जोडणारी मुले आम्ही पाहिली आहेत, आणि जळालेली सर्किटेही. या चिपचाही ५ व्होल्टचा फिक्स अवतार मिळतो. शाळा-कॉलेजच्या प्रोजेक्टला पाचच लागणार असतील तर तो घ्यावा, विषय मिटला.

मोबाईलच्या नव्या, जलद चार्जरांनी यातून काढलेला मार्ग आम्हाला आवडतो. हे चार्जर ५, ९, १५, २० असे निरनिराळे व्होल्ट देऊ शकतात. परंतु जोडल्याबरोबर देतात फक्त ५. समोरच्या फोनने तारेतून रीतसर मागणी केली तरच पुढचे. जुना फोन लावला, त्याला मागताच येत नसेल, तर त्याला पाचच मिळत राहतात. बटण कोणाच्याच हाती दिलेले नाही.

ताईंच्या भावासाठी दोन शेवटच्या गोष्टी, कारण त्या पुस्तकात बारीक अक्षरांत असतात आणि सळई हातात असताना आठवत नाहीत. पाय खाली आणि छापील बाजू आपल्याकडे धरली तर ७८०५ चे पाय डावीकडून इनपुट, ग्राउंड, आउटपुट असे असतात. ३१७ चे मात्र अ‍ॅडजस्ट, आउटपुट, इनपुट. दिसायला दोघे जुळे, म्हणून एकाच्या भोकांत दुसरा बसवू नये. आणि पाठीवरची धातूची पट्टी ७८०५ मध्ये ग्राउंडला जोडलेली असते, ३१७ मध्ये आउटपुटला. दोघांना एकाच हीटसिंकवर स्क्रूने आवळले तर चार्जरचे आउटपुट थेट ग्राउंडला चिकटते. ३१७ च्या पाठीमागे अभ्रकाची चकती आणि स्क्रूला प्लॅस्टिकचे वॉशर घालावे, आणि बॅटरी जोडण्यापूर्वी पट्टी व हीटसिंक यांच्यात मीटर लावून पाहावे. मीटर वाजता कामा नये.